जुन्या मिलिंग मशीनचा तापणारा स्पिंडल

प्रश्न : मी नुकतेच एक जुने मिलिंग मशीन घेतले. कमी वेगात ते ठीक चालते, मात्र मिनिटाला ३००० फेऱ्यांवर काही वेळ चालवले की स्पिंडलच्या, म्हणजे कापणारे हत्यार धरून फिरणाऱ्या दांड्याच्या, तोंडाशी हात ठेवता येत नाही. ग्रीस गनने नवे ग्रीस भरावे का?

उत्तर : कृपया भरू नये. ग्रीसमध्ये वंगणाचे काम तेल करते आणि साबणासारखा घट्ट घटक ते तेल धरून ठेवतो. मशीन वर्षानुवर्षे पडून राहिले की तेल पाझरून जाते, उरलेले ऑक्सिडेशनने बिघडते आणि मागे राहिलेला मेणासारखा थर स्पिंडलला आधार देणाऱ्या बेअरिंगमधील गोळ्यांच्या वाटेत अडथळा होतो. त्यावर नवे ग्रीस दाबले, तर जुने बाहेर पडण्यास बहुधा वाटच नसते. शिवाय लिथियम आणि पॉलियुरिया ही ग्रीसे एकत्र आल्यास मिश्रण पातळ होऊन वाहून जाऊ शकते. जास्त भरलेले ग्रीस घुसळले जाऊन स्वतःच उष्णता निर्माण करते, हे तर अनेकांच्या लक्षातच येत नाही.

आधी तापमान मोजावे. हात साधारण ५५ अंश सेल्सिअसलाच मागे येतो, त्यामुळे तो विश्वासार्ह मापक नव्हे. तापमान एका पातळीवर स्थिरावते की चढतच राहते, हे महत्त्वाचे आहे. नंतर पट्टा काढून स्पिंडल हाताने फिरवावा : नुसता जड वाटला तर दोष बहुधा ग्रीसचा, खरखर जाणवली तर बेअरिंगच्या धावपट्ट्या (गोळे ज्यांवरून फिरतात त्या रिंगांच्या खाचा) खराब झालेल्या असण्याची शक्यता अधिक.

बेअरिंग उघडताना जोडीचा क्रम, दिशा आणि मधल्या रिंगांच्या जागा खुणेने नोंदवाव्यात. स्वच्छ रॉकेलमध्ये धुवावे, पण दाबाच्या हवेने कोरडे बेअरिंग गरगर फिरवू नये, कारण त्याने गोळे घसरून धावपट्टीवर ओरखडे उमटतात. पातळ तेलाचे, स्पिंडलसाठीचेच ग्रीस मोकळ्या जागेच्या साधारण पाव भागापुरते भरावे.

त्यानंतरचा टप्पा घाईत सर्वाधिक बिघडतो. प्रथम कमी वेगात चालवून वेग पायरीपायरीने वाढवावा. ग्रीस पसरेपर्यंत तापमान चढते आणि मग उतरून स्थिरावते. ते ६० अंशांपलीकडे जाऊ लागल्यास थांबून स्पिंडल थंड होऊ द्यावा. तरीही ते चढतच राहिले, तर बेअरिंग जागेवर आवळून धरणारा लॉकनट जास्त आवळला गेला आहे का, ते पाहावे. बेअरिंगची आतली रिंग तापून फुगते, प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) वाढतो आणि त्याने उष्णता आणखी वाढते. बेअरिंग बदलावेच लागले, तर मूळ अचूकता-श्रेणीची जुळवलेली जोडीच घ्यावी.