चौदा वर्षं उभी असलेली गाडी: चावी फिरवण्याआधीचा हिशेब

प्रश्न: वडिलांची १९७२ची एमजीबी, दोन सीटची उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, १४ वर्षं गॅरेजमध्ये कापडाखाली उभी आहे. वडील आता नाहीत. रिस्टोरेशन करणाऱ्या एकानं पूर्ण कामाचे ११ पगार सांगितले (सगळे आकडे माझ्या महिन्याच्या पगारात देतोय). मित्र म्हणतो, नवी बॅटरी लावू, पेट्रोल ओतू, सुरू होईल. एकजण आहे त्या अवस्थेत २ पगारांना मागतोय. अशा चालत्या गाड्या ४ पगारांना आणि नव्यासारख्या केलेल्या ८ पगारांना जातात. माझ्याकडे ८ पगारांच्या ठेवी आहेत, घरखर्च पगाराच्या ६० टक्के आहे, दोन वर्षांनी मुलीच्या कॉलेजला ३ पगार लागतील. कर्ज काढून पूर्ण काम करून घ्यावं का? गुंतवणूकही होईल. धाकटी बहीण म्हणते, विकून टाक.

उत्तर: पैशांऐवजी पगार हे माप घेतलंत ते बरं केलंत. ११ पगार म्हटलं की ११ महिन्यांची नोकरी डोळ्यांसमोर येते, नुसत्या आकड्यानं ती येत नाही.

कर्जाचं आधी सांगतो, कारण त्यावर फार विचार करण्यासारखं काही नाही. ११ पगारांचं कर्ज १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंत तर दर महिन्याला पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा हप्त्यात जाईल आणि शेवटी साधारण १४.७ पगार भरलेले असतील. तुमच्या हातात महिन्याला पगाराचे ४० टक्के उरतात, त्यांतले २४ टक्के गाडीला, आणि हे मुलीच्या कॉलेजच्या वर्षांत. कर्ज काढू नका.

आता ठेवी. ८ पगार दिसतात खरे, पण सहा महिन्यांच्या घरखर्चाचे ३.६ त्यांतून बाजूला काढा. कॉलेजचे ३ काढा. उरले १.४. गाडीसाठी तुमची खरी पिशवी एवढीच आहे.

गुंतवणूक हा शब्द तुमच्या डोक्यात कुठून आला ते मी समजू शकतो. मे २०२२ मध्ये मर्सिडीजची एक ३०० एसएलआर कूपे, म्हणजे बंद टपाची दोन दारांची गाडी, १३.५ कोटी युरोंना विकली गेली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. पण तसल्या कूपे दोनच बनल्या होत्या. अशीच दुसरी महागडी गाडी, फेरारी २५० जीटीओ, १९६२ ते १९६४ या काळात एकूण ३६ बनल्या. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती आणि पाच लाखांहून जास्त बनल्या. याचा फायदा असा, की तिचे सुटे भाग आजही नवे मिळतात. १९८८ पासून तर तिचा अख्खा सांगाडा, म्हणजे बॉडीशेल, जुन्या साच्यांवर पुन्हा बनू लागला. पण जी वस्तू नवी बनवून मिळते तिचा भाव दुर्मिळतेमुळे चढेल ही आशा धरू नये. शिवाय भाव एकाच दिशेनं जातात असंही नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी क्लासिक गाड्यांचे भाव असेच आभाळाला भिडले होते, नव्वदच्या सुरुवातीला ते कोसळले, आणि वरच्या भावात घेतलेले लोक पुढं कित्येक वर्षं गाडी पुसत बसले.

दुसरं असं, की शेअर लाभांश देतो, ठेव व्याज देते, गाडी मागतच राहते. विमा, जागा, वर्षाची सर्व्हिस, बॅटरी, टायरचा वाटा धरून वर्षाला पाव पगार धरा. ४ पगारांच्या गाडीवर तो सव्वासहा टक्के होतो. म्हणजे गाडीचा भाव दरवर्षी सव्वासहा टक्क्यांनी वाढला तरच तुम्ही आहात तिथं राहाल. तोच पैसा ८ टक्क्यांवर ठेवला तर नऊ वर्षांत दुप्पट होतो. म्हणून ही गाडी खर्चाच्या वहीत लिहा, गुंतवणुकीच्या नाही. हौसेला खर्च करायला माझी हरकत नसते. हौसेला गुंतवणूक म्हटलं की मात्र माणूस तिच्यावर मर्यादा घालत नाही.

पूर्ण रिस्टोरेशनचं गणित तर उघडच आतबट्ट्याचं आहे. ११ पगार काम, अधिक २ पगार जे आज हातात येऊ शकतात ते सोडले, झाले १३, आणि तयार वस्तूची किंमत ८. हा ११चा आकडाही पत्रा उघडण्याआधीचा आहे. जुना पत्रा खरवडला की खालून काय निघेल ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून ३० टक्के वाढ मी गृहीतच धरतो. मग १६ पगार घालून ८ची गाडी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण अशा कोटेशनसाठीच असावी.

पण तुमच्या मित्राची वाटही महाग पडू शकते, आणि हे मला सविस्तर सांगायचंय. मी मिस्तरी नाही, हौशी आहे, आणि असल्याच एका जुन्या गाडीत माझेही पैसे गेलेत.

१४ वर्षांपूर्वीचं पेट्रोल आता पेट्रोल राहिलेलं नाही. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आंबूस येईल. त्याचा चिकट थर टाकीच्या तळाशी, नळ्यांत आणि कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बारीक छिद्रांत बसलेला असतो. वर ताजं पेट्रोल ओतलं की तो सुटतो आणि वाहत पुढं जातो. तुमच्या गाडीत दोन एसयू कार्बोरेटर आहेत. त्यांतली पेट्रोलची पातळी सांभाळणारी फ्लोटची सुई उघडी चिकटली की पेट्रोल बाहेर सांडतं. आता बॉनेट उघडून पाहा: या इंजिनाला कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर वर आणि तापणारा एक्झॉस्ट खाली. सांडलेलं पेट्रोल कुठं पडेल ते सांगायला नको. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवल्याशिवाय ही गाडी कुणीही सुरू करू नये.

इंजिनाच्या आतही तेच. सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल कधीच खाली उतरलंय. पिस्टनच्या रिंगा गंजानं थोड्या धरल्या असतील तर स्टार्टरच्या एका हिसक्यात रिंग तुटते, नाहीतर भिंतीवर ओरखडा पडतो. तिथं अर्ध्या दिवसाच्या घाईचं रूपांतर इंजिन उतरवण्याच्या बिलात होतं. म्हणून जाणता मेकॅनिक आधी चारही स्पार्क प्लग काढतो, प्रत्येक भोकातून थोडं ऑइल सोडतो आणि गाडी तशीच एक-दोन दिवस ठेवतो. जुनं ऑइल काढून नवं भरतो. मग टॉप गिअर टाकून गाडी बोटभर पुढं, बोटभर मागं ढकलतो. इंजिन फिरत असेल तर प्लगच्या भोकांतून सुस्कारा टाकल्यासारखा हवेचा आवाज येतो. फिरत नसेल तर जोर करायचा नाही, पुन्हा ऑइल, पुन्हा थांबायचं. फिरलं की वरचं झाकण काढून रॉकर, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) दाबणारे दांडे, सारखे वर-खाली होतात का पाहायचं, एखादा व्हॉल्व्ह अडकला असेल तर तिथंच कळतं. मग प्लग न लावताच स्टार्टरवर फिरवायचं, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत. पेट्रोल सगळ्यात शेवटी, आणि तेही टाकी रिकामी करून, धुऊन, रबरी नळ्या बदलल्यावर.

आणि सुरू झाली तरी ती चालत नाही, हे लक्षात ठेवा. सुरू होणं आणि थांबता येणं यांतलं दुसरं महत्त्वाचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, १४ वर्षांत त्यानं ब्रेकचे सिलिंडर आतून गंजवले असणार. क्लचची प्लेट इंजिनाच्या जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, चिकटलेली असू शकते. टायरवर खाच भरपूर दिसेल, पण कडेला चार अंकी शिक्का शोधा: २३०९ असेल तर टायर २००९ सालच्या २३व्या आठवड्यातला. तो बदलायचाच, रबर वयानं मरतं. आणि वायरिंग नीट पाहा, बंद गाडी उंदरांना फार आवडते.

या सगळ्याचं तुम्ही नंतर वेगळं कळवलेलं अंदाजपत्रक असं: तपासणी आणि पहिला स्टार्ट पाव पगार, ब्रेक, टाकी, टायर वगैरे करून रस्त्यावर चालण्याजोगी करायला आणखी दीड. मी अनपेक्षित खर्चासाठी वर पाव पगार धरतो, म्हणजे एकूण २. आज मिळू शकणारे २ आणि हे २ मिळून ४, आणि चालत्या गाडीचा भावही ४. नफा नाही, तोटाही जवळजवळ नाही, आणि वडिलांची गाडी रस्त्यावर. माझ्या मते घालण्यासारखा पैसा एवढाच आहे. रंग जुना राहू दे, सीटचं कव्हर फाटकं राहू दे.

तुमच्याकडे १.४ आहेत आणि लागणार २. पण हे दोन्ही टप्पे एकदम करायची गरजच नाही. पाव पगार आज घाला. बाकीच्यासाठी महिन्याला पगाराचे ५ टक्के वेगळ्या खात्यात टाका, वर्षात ०.६ जमतात आणि बेरीज बरोबर २ वर येते. जी गाडी १४ वर्षं थांबली ती आणखी एक थांबेल.

पण पाव पगारसुद्धा घालण्याआधी एक गोष्ट, जी तुम्ही एका ओळीत उरकलीत. बहीण विकायला सांगते ती उगाच नसावी. गाडी अजून कुणाच्या नावावर आहे? वडिलांच्या असेल तर तिच्यात बहिणीचाही वाटा असू शकतो. कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचारा, पण त्याआधी बहिणीलाच विचारा. निम्मा वाटा रोख मागितला तर २च्या भावानं १ पगार तिला जाईल आणि तुमच्या पिशवीत ०.४ उरतील. मग पहिला टप्पा आत्ता आणि दुसरा, महिन्याला तेच ५ टक्के टाकलेत तर, जवळजवळ पावणेतीन वर्षं पुढं ढकलावा लागेल. ती म्हणाली की वाटा नको, अधूनमधून चालवायला द्या, तर उत्तमच, पण तेही कागदावर घ्या आणि गाडी नावावर करून घ्या. खर्च करून झाल्यावर किंमत ठरवायला बसलात तर ती २ची निम्मी की ४ची निम्मी, यावरून बोलणं बंद होईल. असं झालेलं मी पाहिलंय, आणि तिथं गाडी नव्हती, नुसतं एक जुनं कपाट होतं.

काम कुणाकडेही द्या, पण गाडी पूर्ण खोलून सुटी करायला परवानगी देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं अशीच एक गाडी 'सगळं एकदाच करू' म्हणून खोलून घेतली. काम करणाऱ्यानं मध्येच तो व्यवसाय सोडला. गाडी परत आली ती खोक्यांत. काहींवर मार्करनं लिहिलं होतं, 'डावं दार', 'डॅशबोर्ड'; एकावर फक्त 'इतर'. बंद गाडीला ग्राहक मिळतो, खोक्यांतल्या गाडीला तो पण मिळेना. म्हणून पैसे टप्प्यानं द्या, झालेल्या कामाचे फोटो मागा, आगाऊ म्हणून लागणाऱ्या भागांच्या किमतीपलीकडे काही देऊ नका. आणि २चा आकडा ओलांडायची वेळ आली तर तिथंच थांबून विकायची. 'आता एवढे घातलेत तर' हे वाक्य स्वतःच्या तोंडून निघालं की समजा, गाडी हिशेबाबाहेर गेली.

आता पाव पगाराच्याही आधीची एक जवळजवळ फुकट तपासणी, जिच्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. एमजीबीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो, आणि दाराखालचा लांब पट्टा, ज्याला मेकॅनिक सिल म्हणतात, तो त्यातला मुख्य आधार. गंज तिथं आतून लागतो आणि वरून रंग छान दिसतो. एखादं लहान चुंबक घेऊन सिलवरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग मेकॅनिककडून गाडी एका बाजूनं जॅकवर घ्या, खाली आधार लावून. उचलण्याआधी आणि उचलल्यावर दार आणि मागच्या पत्र्यामधली फट बघा, दार उघडून लावून पाहा. फट तशीच राहिली तर पाव पगार खर्च करायला हरकत नाही. फट मिटली, दार घासायला लागलं, तर सांगाडा वाकतोय, आणि मग वेल्डिंगचा खर्च माझ्या २ पगारांत बसत नाही. त्या दिवशी २ला मागणाऱ्या माणसाला फोन करा, पण जॅकवर काय दिसलं ते त्याला सांगून.

बहिणीला त्या दिवशी गॅरेजमध्ये बोलवा. आणि दाराची फट काय म्हणाली ते मला कळवा.