‘पोर काहीच खात नाही’ म्हणणाऱ्या आईकडे जाताना

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

अंगणवाडीत रुजू झालीस आणि पहिल्याच गृहभेटींत घरोघरी एकच तक्रार ऐकलीस म्हणतेस, “ताई, पोर काहीच खात नाही हो.” ही तक्रार तू नोकरीभर ऐकणार आहेस. म्हणून खरंच सुकत चाललेलं पोर कुठलं आणि नुसतं खायला कुरकुरणारं कुठलं, हे आधी ओळखायला शीक.

ते नजरेनं ठरवू नकोस. वजन कर, वाढीचा तक्ता उघड, दंडाला पट्टी लाव. सहा महिन्यांपुढच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल, दोन्ही पायांवर सूज असेल किंवा वजनाची रेघ खाली वळली असेल, तर सल्ला देत बसू नकोस. त्याच दिवशी नर्सताईंना आणि मुख्यसेविकेला कळव. घास गिळताना दरवेळी ठसका लागत असेल, तर तेही डॉक्टरांनीच बघायचं.

बाकी बहुतेक पोरांची रेघ बरी चढत असते. त्यांच्या आईला वाढीचं गणित समजाव. पहिल्या वर्षात तीन किलोचं बाळ नऊ किलोचं होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही मंदावते. त्यातच दोन वर्षांच्या आसपास पोरं नव्या चवीला बिचकायला लागतात. कालपर्यंत मिटक्या मारत भोपळा खाणारं पोर आज तोंड फिरवतं. यात आईची काही चूक नसते, आणि हे तू सासूबाईंच्या समोर सांग, कारण घरात बोल तिलाच लागतो.

मग दिवसभराचं खाणं विचार. नुसतं “काय खाल्लं?” विचारलंस तर “काही नाही” एवढंच उत्तर मिळेल. सकाळी उठल्यापासून एकेक विचारत जा. मग कळतं, आजोबांच्या बशीतला चहा, त्यात बुडवलेली बिस्किटं, दुकानातला पाच रुपयांचा पुडा आणि मधूनमधून बाटलीभर दूध. पोट भरलेलंच असतं! चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही, आणि वरचं दूध अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं की भाकरी-भाजीला जागा उरत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं, हे लक्षात असू दे. अंगावरचं दूध मात्र तोडायला सांगू नकोस, ते दोन वर्षं आणि पुढेही चालू दे. फक्त जेवणाच्या तोंडावर नको. जेवणाआधी दोन तास पाण्याशिवाय काही नाही, एवढं जमलं तरी निम्मी तक्रार मिटते.

ताटात काय वाढायचं आणि केव्हा, हे आईनं ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे पोरानं. एलिन सॅटर या अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ बाईंनी ही वाटणी मांडली आणि मला ती आपल्या घरांतही पटते. दुसरा भाग घरच्यांना जड जातो. पोरानं ओठ मिटले, मान फिरवली की थांबायचं. चिऊकाऊचे घास खुशाल भरवा, पण तोंड मिटलं की काऊही उडून गेला पाहिजे. मोबाइल दाखवून भरवलेल्या घासात पोराला चवही कळत नाही आणि पोट भरल्याचंही कळत नाही.

नव्या भाजीचं कसं करायचं, ते शेपूवरून सांगते. नेहमीच्या वरणभाताशेजारी चिमूटभर शेपू ठेवायला सांग. पोर ती बोटांनी चिवडेल, चुरेल, वास घेईल, जिभेला लावून थू करेल. आई लगेच म्हणेल, “बघा, आवडतच नाही.” अगं, ओळख तर आत्ता कुठे होतेय! त्या वेळी कुणी रागवायचं नाही, हसायचं नाही, “एकच घास” म्हणून मागे लागायचं नाही. दोन दिवसांनी परत तेवढीच शेपू ठेवायची, आणि घरातल्या मोठ्यांनी ती पोरासमोर खायची. अशी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चव द्यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या-चौथ्या वेळीच नाद सोडतात. मेथी थालिपिठात लपवून देतात, त्याला माझी ना नाही, पण भाजी भाजीसारखी ताटात दिसूही दे. नाहीतर पोराला ती ओळखीची व्हायची कधी?

वाढायचं थोडंच. दोन वर्षांच्या मुलाला दोन मोठे चमचे भात पुरे, लागला तर तो मागेल. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र नकोत, घशात अडकतात. दाण्यांचं कूट करा, द्राक्ष उभं चिरा.

यापुढची गृहभेट जेवणाच्या वेळेला ठेव. भिंतीला टेकून बस आणि पोर ताटावरून उठेपर्यंत काही बोलू नकोस. कोण भरवतं, कोण ओरडतं, ताटात किती वाढतात, सगळं बघ. मग एकच बदल सुचव, चहा बंद किंवा मोबाइल बंद. दोन्ही एकदम सांगितलंस तर एकही होणार नाही. पुढच्या महिन्याची वजनं झाली की मला कळव.

तुझी,
बाई