परड्यातलं गवत आणि पहिला ब्रश कटर

खानापूरचा पाऊस म्हणजे श्रावणात परड्यातलं गवत कमरेला लागतंच. तू ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं पेट्रोलचं मशीन, घेतोयस ते बरंच झालं बघ, पण घराभोवतीच्या तीन-चार गुंठ्यांना फोर-स्ट्रोक इंजिनाचाच घे. टू-स्ट्रोक हलका असतो खरा, पण त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. विसरलास की पिस्टन जाम. माझं पहिलं मशीन असंच गेलं.

भिंतीच्या कडेला पातं नको, नायलॉनची दोरी लाव. आणि डोळ्यांना चष्मा, पायात गमबूट असल्याशिवाय सुरूच करू नकोस रे! खडा गोळीसारखा उडतो. पोरांना 15 मीटर लांब ठेव.

दिवाळीनंतर ठेवून देताना टाकी रिकामी कर, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव. शिळ्या पेट्रोलनं कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग, चोंदतो.