सायकल-चौकशी: आधी मुक्काम, मग किलोमीटर

प्रश्न: आम्ही एडिसनला राहतो. जूनमध्ये मी, नवरा आणि बारा वर्षांचा मुलगा ग्रेट ॲलेगेनी पॅसेज हा जुन्या रेल्वेमार्गावरचा ट्रेल सायकलनं करणार आहोत, तंबू घेऊन. नवऱ्यानं रोज ८० किलोमीटर धरून तीन दिवसांचा बेत आखलाय. मला लेकाची काळजी वाटते. कम्बरलंडकडून निघावं की पिट्सबर्गकडून? आणि आम्ही शाकाहारी आहोत, खायचं काय करायचं?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: तुमची काळजी रास्त आहे. २४० किलोमीटर तीन दिवसांत होतात, पण हॉटेलात झोपणाऱ्या मोठ्यांचे. तंबू लावणं, काढणं, चूल पेटवणं, भांडी घासणं यात रोज तीन तास सहज जातात आणि ते तुमच्या यजमानांच्या हिशेबात नाहीत. पाच दिवस घ्या.

पिट्सबर्गकडूनच निघा. तिथून २,३९२ फुटांवरच्या माथ्यापर्यंत वाट दोनशे किलोमीटर हळूहळू चढते. जड गाड्या ओढणाऱ्या इंजिनांना झेपावा म्हणून काढलेला तो चढ पायांना जाणवतही नाही. कम्बरलंडकडून तोच माथा ३८ किलोमीटरमध्ये गाठावा लागतो, म्हणजे सुमारे १,७५० फुटांचा चढ. सामान लादलेल्या सायकलवर पहिल्याच दिवशी मुलाला हे नको.

ट्रेलवर वाटेल तिथे तंबू टाकता येत नाही, म्हणून आधी मुक्काम ठरवा. पहिला दिवस ४२ किलोमीटर, ड्रॅव्होज लँडिंगपर्यंत. जागा नदीकाठी आहे, शेजारी जुनी दफनभूमी आहे; लेकाला आधीच सांगून ठेवा. दुसरा ५७, कॉनेल्सविल. तिथे ट्रेललगत तीन भिंतींचे लाकडी निवारे आहेत. भाडं नाही, आरक्षणही नाही, तेव्हा दुपारी चारच्या आत पोचा.

तिसऱ्या दिवशी ओहायोपाइलचा धबधबा जरूर बघा, पण मुक्काम तिथे करू नका. कॅम्पग्राउंड ट्रेलपासून बराच वर आहे आणि वाट खड्या चढाची. पहिल्या खेपेला आम्ही भरलेल्या सायकली ढकलत तो चढलो. माझी मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. वर पोचल्यावर हेल्मेटही न काढता ती गवतावर आडवी झाली आणि न जेवताच झोपली. ती संध्याकाळ मी अजून विसरलेले नाही. तुम्ही तिथून १७ किलोमीटर पुढे कॉन्फ्लुअन्सला जा. तिथल्या कॅम्पग्राउंडवर गरम पाण्यानं अंघोळ होते. जागा मात्र आधी राखून ठेवा. चौथा दिवस रॉकवुडपर्यंत, मुद्दाम फक्त २९. शेवटचा ७०, पण त्यातला निम्म्याहून जास्त उतार.

खाण्याचं सोपं आहे. घरीच रवा तुपावर खमंग भाजा, मोहरी-मिरची-कढीपत्त्याची फोडणी कोरडी होईस्तोवर परतून त्यात मिसळा आणि मीठ-साखर घालून एकेका जेवणाच्या पुड्या बांधा. गॅसच्या छोट्या शेगडीवर पाणी उकळलं की दहा मिनिटांत उपमा तयार. दशम्या पहिले दोन दिवस टिकतात. मेतकूट आणि तुपाची छोटी बाटली विसरू नका, भिजलेल्या संध्याकाळी मऊ भात-मेतकुटासारखं दुसरं काही नाही. खाणं रात्री तंबूत ठेवू नका. रॅकून येतात, आमची दाण्यांची पिशवी त्यांनी फाडली होती. त्या भागात काळी अस्वलंही आहेत.

वाट बारीक चुनखडीची आहे. पाऊस पडला की तिची पांढरी पिठी ओल्या साखळीवर चढते आणि सकाळी पेडल मारताना करकर ऐकू येते. रोज संध्याकाळी जुन्या सुती फडक्यानं साखळी पुसून तेलाचे थेंब सोडा. हे काम मुलाकडेच द्या. टायर ३५ मिलिमीटरपेक्षा अरुंद नकोत.

माथ्यानंतर बिग सॅव्हेज बोगदा लागतो, जवळपास एक किलोमीटर लांब. आत जूनमध्येही गारठा असतो, म्हणून जॅकेट सामानात वरच ठेवा आणि दिवे लावा. बाहेर पडताच समोर दऱ्या उघडतात. तिथे उतरून थांबा, कारण पुढचा उतार कम्बरलंडपर्यंत संपत नाही. ब्रेकचे पॅड मात्र पिट्सबर्गलाच तपासून घ्या. परतीला ॲमट्रॅक या रेल्वे कंपनीची गाडी आहे. तिकिटाबरोबर तिन्ही सायकलींची जागा आजच राखून ठेवा.