स्वतःच्याच घरात परके वाटते, काय करावे?

तू लिहिले आहेस की पाचवीपासून दहावीपर्यंत डोंबिवलीला मावशीकडे शिकलीस, आता अकरावीसाठी देवगडजवळच्या आपल्या घरी परत आली आहेस, आणि आई-बाबा, आजी व धाकटा भाऊ यांच्यात बसूनही आपण या घरच्या नाही असे तुला सतत वाटते. ते मालवणीत जुन्या गमती सांगून हसतात आणि तू काही विचारलेस की 'तुका नाय कळाचा' म्हणून विषय बदलतात. पण तुझ्या प्रश्नातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य वेगळेच आहे: 'आई भावाला ओरडते, मला कधीच ओरडत नाही.' माझ्या मते तुझ्या दुःखाचे मूळ तिथे आहे.

शिक्षणासाठी मुलांना मुंबईच्या नातेवाइकांकडे ठेवण्याची रीत कोकणात जुनी आहे. मीही परळला काकांकडे वाढले. काका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पगार थांबला, संप लांबतच गेला, आणि खाणारे एक तोंड कमी व्हावे म्हणून चौदाव्या वर्षी मला वेंगुर्ल्याकडच्या घरी परत पाठवण्यात आले. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये धावू लागली. त्यामुळे मे महिना आणि गणपती सोडले तर आईवडिलांचा सहवास मला फारसा मिळालाच नव्हता. घरी आल्यावर आईने माझा पाहुणचार सुरू केला. सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात पडायची आणि विहिरीचे पाणी ओढायला मात्र बहिणी जायच्या. हे सारे ती मायेने करत होती आणि नेमके तेच मला बोचत होते. लेकराला दूर ठेवल्याची टोचणी ज्या आईच्या मनात असते, तिला त्या लेकराला रागावण्याचा धीर होत नाही, कारण आपला तेवढा हक्क उरला आहे की नाही याचीच तिला खात्री नसते. तुझ्या आईचेही असेच होत असावे, असे तुझे लिहिणे वाचून मला वाटते.

मला या अवघडलेपणातून आंब्याच्या हंगामाने बाहेर काढले. आजीने अंधाऱ्या खोलीत पेंढ्यावर आंब्यांची अढी घातली होती. रोज सकाळी वरचा पेंढा दूर करायचा, एकेक फळ उचलून देठाशी वास घ्यायचा, पिकायला आलेले वेगळे काढायचे आणि डाग पडलेले लगेच बाहेर टाकायचे, कारण एक नासलेले फळ शेजारची चार नासवते. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि हे काम मला दे म्हणाले. अंगठ्याने फळ चाचपू लागले तशी ती कडाडली, 'दाबतंस कित्या? वास घे!' त्या घरात मला पडलेला तो पहिला ओरडा होता आणि तो ऐकून मला किती बरे वाटले, हे तुला नक्की कळेल. पुढे रोज अढीपाशी बसून ती बोलत राही, आणि ज्या आठवणींत मी नव्हते त्या मला तिथेच एकेक करून कळत गेल्या.

म्हणून सगळ्यांना समोर बसवून 'तुम्ही मला आपले मानत नाही' असे बोलण्याची घाई करू नकोस; त्याने आईची टोचणी वाढेल आणि पाहुणचारही वाढेल. त्याऐवजी घरातल्या एकाच माणसाकडे रोजचे एक काम मागून घे आणि ते पाहुणीच्या हौसेने न करता नेमाने कर. मालवणी चुकतमाकत बोलायला लाग. भाऊ हसेल, 'मुंबैकरीण' म्हणून चिडवेलही, पण 'तुका नाय कळाचा' म्हणून तोडून टाकण्यापेक्षा ते चिडवणे कितीतरी जवळचे आहे. तुझे वयही यात भर घालते. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने किशोरवयाचा मुख्य प्रश्न 'मी कोण' हाच मानला होता. जन्मापासून एकाच घरात वाढलेल्या मुलीलाही तो छळतो. तू तर दोन घरांच्या मध्ये उभी आहेस.

हे सर्व मी तुझ्या घरात माया आहे असे धरून लिहिले आहे. तिथे मारहाण किंवा सततचा अपमान होत असेल, तर जुळवून घेण्याची जबाबदारी तुझी मुळीच नाही. अशा वेळी १०९८ या मुलांसाठीच्या मोफत क्रमांकावर फोन कर. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. तो फोन करायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक. मावशीची आठवण येते हे आईपासून लपवतेस, असे तू लिहिले आहेस. ते लपवू नकोस. तिला फोन करायचा तो आगरात जाऊन न करता माजघरात बसून कर, आणि तुझे बोलणे झाले की फोन आईच्या हातात दे. तुला या दोघींनी मिळून वाढवले आहे, तेव्हा त्यांनाही तुझ्याविषयी एकमेकींशी बोलायचे असेलच.