घाट उतरताना ८० चा भरवसा धरू नकोस

भावा, नवीन अवजड गाडी हातात आली आहे, म्हणून सांगतो. स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेगाला लगाम घालणारं यंत्र, ताशी ८० किमीला डिझेल तोडतो, ब्रेक मारत नाही. भरलेली गाडी बोरघाटात न्यूट्रल केलीस तर ती ८० च्याही वर पळेल आणि ब्रेक तापून सुटतील. डिझेल वाचवायला हे शिकवणारे बरेच भेटतील, अजिबात ऐकू नकोस. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाक, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणारा) लाव.

घाटातली वेगमर्यादा खूप कमी असते, बोर्ड वाच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेगही मोजतात. कॅमेऱ्यापुरता वेग कमी करून भागत नाही. मर्यादा ओलांडली तर अवजड गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये २००० ते ४००० रुपये दंड आहे. मालक घाई करायला लावत असेल तर हेच कलम १८३ त्यालाही लागतं, हे त्याला स्पष्ट सांग.