वजनाच्या इंजेक्शनचं बिल

प्रश्न : डॉक्टरांनी मौंजारो या वजन कमी करण्याच्या इंजेक्शनचं पेन लिहून दिलंय. तीन पेनं एकदम घेतली तर औषधवाले सूट देतो म्हणतात. घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. २.५ मिलिग्रॅमचा डोस साधारण ४ आठवडेच, मग ५ मिलिग्रॅम, म्हणजे पेनही बदलतं. पेनात आठवड्याला एक असे ४ डोस, म्हणजे महिन्याला एकच पेन. औषधाने होणाऱ्या उलट्या सोसल्या नाहीत तर औषध थांबतं आणि फ्रिजमधला माल दुकानदार सहसा परत घेत नाही, पैसे अडकतात. एमआरपीत जीएसटी धरलेलाच असतो, वर काही देऊ नका. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत खोक्याशी ताडून पाहा. पेन फ्रिजमधून, २ ते ८ अंशांतूनच काढून द्यायला सांगा. विम्यात ओपीडी कवच (दवाखान्यात भरती न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च) नसेल तर मेडिक्लेमवर विसंबू नका.